बाळाच्या मेंदूचा एमआरआय उलटा का दिसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात लहान मुलांच्या मेंदूच्या एमआरआयवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊया असं ठरवलं. पत्रं मोठी होती, ती थोडक्यात दिलीयेत आणि नावं मुद्दाम काढलीयेत. एक आधीच सांगते, इथे मी कोणाच्या फिल्मवरून निदान करणार नाहीये, ते तुमच्या मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम. मशीनला नेमकं काय दिसतं आणि ते वयाप्रमाणे का बदलतं एवढं समजावून सांगायचा प्रयत्न करते.

प्रश्न: मुलगी पाच महिन्यांची असताना तिला झटके आले म्हणून एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल आला, झटकेही थांबले. पण मी फिल्म घरी आणून नेटवरच्या मेंदूच्या चित्रांशी ताडून बघितली तर हिचं सगळं उलटं, जिथे काळपट हवं तिथे पांढरं. डॉक्टर म्हणाले "वयाप्रमाणे आहे". म्हणजे काय? (एक आई, सांगली)

ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत, फक्त त्या दोन शब्दांत खूप काही दडलंय ते उलगडून सांगायला ओपीडीत वेळ मिळत नाही. नेटवर जी चित्रं सापडतात ती बहुतेक मोठ्या माणसांची असतात. तुम्ही ज्या फिल्मबद्दल लिहिलंय ती टी-टू प्रकारची असणार. मोठ्या माणसाच्या टी-टू चित्रात मेंदूच्या आतला भाग म्हणजे व्हाइट मॅटर काळपट दिसतो आणि बाहेरचा ग्रे मॅटर त्याहून उजळ. पाच महिन्यांच्या बाळात बहुतेक ठिकाणी याच्या बरोब्बर उलट असतं आणि असायलाच हवं.

कारण पाणी. एमआरआय मशीन मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल ऐकतं. नवजात बाळाच्या मेंदूत जवळजवळ ८८ ते ९० टक्के पाणी असतं, मोठ्या माणसाच्या व्हाइट मॅटरमध्ये ते ७० टक्क्यांच्या आसपास येतं. आणि नुसतं किती पाणी आहे हाच मुद्दा नाही, ते किती मोकळं आहे हे जास्त महत्त्वाचं. कणीक मळताना आपण पाणी घालतो, ते पाणी परातीतच असतं, पण आता ते सांडत नाही, पिठाला धरून राहतं. बाळ वाढतं तसं मेंदूतल्या पाण्याचं असंच होतं, कारण मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबी आणि प्रथिनांचं वेष्टण थरावर थर चढत जातं, पेशींची दाटी वाढते, आणि पाण्याला मोकळं हिंडायला जागा उरत नाही.

मशीन हा फरक दोन वेळांमध्ये मोजतं. चुंबकाच्या ओढीने एका दिशेला लागलेल्या हायड्रोजनच्या कणांना रेडिओ लहरीने ढकललं की ते पूर्वस्थितीत यायला जो वेळ घेतात तो टी-वन, आणि सगळे एका तालात फिरत असताना त्यांचा ताल बिघडायला जो वेळ लागतो तो टी-टू. मोकळ्या पाण्यात दोन्ही वेळ लांब असतात, बांधलेल्या पाण्यात कमी. मोठ्या माणसाच्या व्हाइट मॅटरचा टी-वन ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनवर साधारण ८०० ते ९०० मिलीसेकंद असतो, नवजात बाळात तोच २००० च्या वर. टी-टू मोठ्यांमध्ये ७०-८० मिलीसेकंदांच्या आसपास, नवजात बाळात २०० किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे हा थोडाथोडका फरक नाहीये.

आता चित्राचा रंग कसा ठरतो तर टी-टू लांब असेल तर टी-टू चित्रात भाग उजळ दिसतो आणि टी-वन लांब असेल तर टी-वन चित्रात काळपट. जन्माच्या वेळी व्हाइट मॅटरमध्ये ग्रे मॅटरपेक्षाही जास्त मोकळं पाणी असतं म्हणून रंग उलटे. मग मायलिन चढायला लागलं की व्हाइट मॅटर झपाट्याने बदलतो, ग्रे मॅटर हळू बदलतो, त्यामुळे मधे एक काळ असा येतो की दोघांचा रंग सारखाच होतो आणि सीमाच दिसत नाही. हे साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमाराला होतं, आणि तेव्हाचं चित्र इतकं सपाट दिसतं की ग्रे आणि व्हाइट आपोआप वेगळं करणारे कॉम्प्युटर प्रोग्रामसुद्धा गडबडतात. त्यातून बाहेर पडल्यावर टी-वन चित्र वर्षाच्या आसपास मोठ्यांसारखं दिसायला लागतं आणि टी-टू चित्राला दीड-दोन वर्षं लागतात. तेव्हा तुमच्या मुलीची फिल्म ताडून बघायचीच असेल तर पाच महिन्यांच्या बाळाच्या फिल्मशी बघा.

प्रश्न: मी बीएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मायलिनमुळे टी-वन आणि टी-टू दोन्ही कमी होतात असं वाचलं. मग बदल टी-वन चित्रात आधी आणि टी-टू चित्रात काही महिन्यांनी का दिसतो? (कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण अनेक वर्षं रिपोर्ट लिहिणारे लोकही "टी-वन आधी, टी-टू नंतर" एवढं पाठ करतात आणि पुढे जातात.

मुळापासून बघूया. १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी चुंबकीय अनुनाद मोजून दाखवला, १९५२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. १९४८ मध्ये ब्लुमबर्गन, पर्सेल आणि पाउंड या तिघांनी रेणूंच्या हालचालीचा आणि या दोन वेळांचा संबंध मांडला आणि तुझ्या प्रश्नाचा पाया तिथे आहे. रेणू भोवऱ्यासारखे सतत गडबडत असतात, या गडबडीचा वेग आपल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या जवळपास आला की टी-वन सगळ्यात कमी होतो. टी-टूचं तसं नाही, त्याला मंद हालचालही पुरते, पाणी जितकं जखडलेलं तितका टी-टू कमी, टी-वनसारखा तो एका टप्प्यानंतर पुन्हा वाढत नाही.

आता मायलिन कसं चढतं ते बघ. आधी ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपलं आवरण पसरवून तंतूला सैलसर वेढे घालतात, आणि या आवरणात कोलेस्टेरॉल आणि गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड ही चरबीची द्रव्यं भरपूर असतात. त्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी चुंबकत्वाची देवाणघेवाण करतं, आणि आजूबाजूचं पाणी सतत तिथे ये-जा करत असल्यामुळे थोडंसं आवरण तयार झालं तरी पूर्ण भागाचा टी-वन खाली येतो. सेमूर केनिग यांनी १९९१ मध्ये तर असं मांडलं की मेंदूच्या चित्रात ग्रे आणि व्हाइटमध्ये जो फरक दिसतो तो मुख्यतः मायलिनमधल्या कोलेस्टेरॉलमुळेच. टी-टू मात्र नीट खाली येण्यासाठी वेढे घट्ट आवळले जावे लागतात, मधलं पाणी पिळून निघावं लागतं, आणि ते काम नंतर होतं. म्हणून कॉर्पस कॅलोसम म्हणजे दोन्ही अर्धगोलांना जोडणारा जो जाड पट्टा आहे त्याचा मागचा भाग टी-वन चित्रात तीन-चार महिन्यांना उजळतो पण टी-टू चित्रात काळपट व्हायला सहा महिने लागतात, पुढचा भाग टी-वनमध्ये सहाव्या महिन्यात आणि टी-टूमध्ये आठव्या. हे वेळापत्रक मुख्यतः बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली १.५ टेस्लाच्या मशीनवर मांडलं आणि आजही जगभर रिपोर्ट लिहिताना तेच वापरलं जातं.

अजून एक, तू पुढे यात काम करणार असशील म्हणून सांगते. टी-टू हा एकच आकडा नसतो. मायलिनच्या थरांमध्ये अडकलेल्या पाण्याचा सिग्नल १० ते ४० मिलीसेकंदांत विझतो, पेशींच्या आतबाहेरच्या पाण्याचा त्याहून खूप सावकाश. दोन्ही सिग्नल वेगळे काढले की मायलिनमधलं पाणी किती टक्के ते कळतं. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ॲलेक्स मॅके यांच्या गटाने १९९४ मध्ये ही पद्धत जिवंत माणसाच्या मेंदूवर करून दाखवली, आणि २०११ मध्ये शॉन डिओनी आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीच्या पण वेगवान पद्धतीने ३ ते ११ महिन्यांच्या झोपलेल्या बाळांमध्ये मायलिन कसं पसरत जातं ते मोजलं. चित्राचा रंग मशीनप्रमाणे, सेटिंगप्रमाणे बदलतो, मोजलेला आकडा त्या मानाने भरवशाचा. मात्र टी-वन चुंबकाच्या ताकदीप्रमाणे वाढतो, तेव्हा १.५ टेस्लाचे आकडे ३ टेस्लाच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करायची नाही हे कायम लक्षात ठेव.

प्रश्न: नातू तिसाव्या आठवड्यातच जन्मला. आता आठ महिन्यांचा आहे, अजून बसत नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "मायलिनेशनला उशीर" असं लिहिलंय. घरात सगळे हादरलेत. सूनबाई जेवत नाहीये. याचा अर्थ मुलगा कायमचा मागे राहणार का? (एक आजी, रत्नागिरी)

आजी, सूनबाईंना आधी जेवायला बसवा आणि मग हे त्यांना वाचून दाखवा.

पहिला प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारायचा तो हा, की उशीर कोणत्या वयाच्या हिशोबाने? चाळीस आठवड्यांच्या ऐवजी तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ दहा आठवडे आधी आलंय. मेंदू मात्र आपल्याच वेगाने वाढत राहतो, बाळ बाहेर लवकर आलं म्हणून मायलिन घाई करत नाही. तेव्हा आठ महिन्यांतून ते दहा आठवडे वजा करायचे, म्हणजे नातवाचं वय मेंदूच्या दृष्टीने साडेपाच महिन्यांच्या जवळपास. साडेपाच महिन्यांचं बाळ बसत नाही यात काहीच विशेष नाही, आणि त्या वयाला टी-टू चित्र जवळपास नवजातासारखंच दिसतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याला फॉर्मवर नुसतं "आठ महिने" कळवलं असेल आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं हे कोणी लिहिलंच नसेल तर त्याने त्याच्या परीने बरोबर लिहिलंय. हे इतक्या वेळा घडतं की मी तर म्हणेन एमआरआयच्या फॉर्मवर कितव्या आठवड्यात जन्म झाला हे मोठ्या अक्षरात लिहिल्याशिवाय बाळाला मशीनवर घेऊच नये.

दिवस वजा करूनही उशीर निघाला तर मग काय? तर बघा, मायलिन चढण्याचा क्रम ठरलेला असतो. लाइपझिगमध्ये पॉल फ्लेक्सिग यांनी शंभर वर्षांहून आधी बाळांच्या मेंदूचे काप रंगवून हा क्रम शोधला, १९०१ मध्ये तो छापून आला, आणि एमआरआय आल्यावर तोच क्रम जिवंत बाळांत दिसला. खालून वर, मागून पुढे, मधून कडेला. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतःच मेंदूच्या देठाचा मागचा भाग, इंटर्नल कॅप्सूलची (मेंदूतल्या तंतूंच्या चिंचोळ्या वाटेची) मागची बाजू आणि हातपाय हलवणाऱ्या पट्ट्याच्या आसपासचा भाग तयार असतो, म्हणजे श्वास, चोखणं, गिळणं, स्पर्श याला लागणारं सगळं. तीन महिन्यांपर्यंत छोटा मेंदू, मग पाहण्याशी संबंधित मागचा भाग, आणि कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग सगळ्यात शेवटी. रेडिओलॉजिस्ट हेच टप्पे एकेक करून तपासतो. तेव्हा "उशीर" म्हणजे क्रम बरोबर आहे पण टप्पा वयाच्या मागे आहे. काम बंद पडलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

उशिराची कारणं खूप असतात, त्यातली काही औषधाने सुधारतात म्हणून इथे जरा थांबते. थायरॉइड कमी असणं हे एक. दुसरं आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवं असं, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी, तिच्याच अंगात बी-ट्वेल्व्ह कमी, बाळ फक्त अंगावरच्या दुधावर, मग सहा महिन्यांनंतर बाळ सुस्त होतं, हसायचं कमी होतं, शिकलेलं विसरतं, अंगात रक्त कमी, केस विरळ, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा, कधी अंगाला कंप सुटतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र चांगलं माहीत आहे. अशा बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदू थोडा आक्रसलेला आणि मायलिन मागे पडलेलं दिसतं, आणि वेळेत बी-ट्वेल्व्ह दिलं तर बाळाची तब्येत आणि चित्र दोन्ही सुधारतात. तेव्हा रक्तात बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलंय का हे डॉक्टरांना नक्की विचारा, आईचंही तपासायला सांगा. अंगावरचं दूध मात्र बंद करू नका, दोष दुधाचा नाहीये, आईला ते जीवनसत्त्व मिळालेलं नाहीये.

काही थोड्या मुलांमध्ये मायलिन बनवणारं जनुकच बिघडलेलं असतं आणि तिथे मायलिन पुरेसं होतच नाही. पण आजी, हे एका फिल्मवरून ठरत नाही. निदान सहा महिन्यांच्या अंतराने दोन एमआरआय करायचे, दुसरा वयाच्या पहिल्या वर्षानंतर, आणि मधल्या काळात काहीच पुढे सरकलेलं नसेल तर तो विचार करायचा, असा जाणकारांचा नियम आहे. तोवर फिजिओथेरपी सुरू करायला मायलिनच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नाही, आणि बाळ मान धरतंय का, नजर देतंय का, दोन्ही हात सारखे वापरतंय का हे फिल्मइतकंच, किंबहुना जास्त सांगतं.

प्रश्न: एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. सहा महिन्यांखालची बाळं आली की मोठ्यांचाच प्रोटोकॉल (कोणती चित्रं कोणत्या सेटिंगने घ्यायची ते) लावला जातो, फ्लेअर (मोकळ्या पाण्याचा सिग्नल दाबून घेतलेलं टी-टू चित्र) तर हमखास. हे बरोबर आहे का? आणि भूल न देता होऊ शकतं का? (नागपूर)

मोठ्यांचा प्रोटोकॉल जसाच्या तसा लावू नका. बाळाचे टी-वन आणि टी-टू दोन्ही लांब आहेत हे वर आलंच, मग मोठ्यांच्या वेळा ठेवल्या तर चित्र सपाट येणार. टी-टूसाठी टीआर (दोन रेडिओ धक्क्यांमधला वेळ) आणि टीई (धक्क्यापासून सिग्नल ऐकेपर्यंतचा वेळ) दोन्ही वाढवा, टी-वनसाठी इन्व्हर्जनचा वेळ (कण उलटवल्यावर थांबायचा वेळ) वयाप्रमाणे बदला, तुमच्या रेडिओलॉजिस्टबरोबर बसून सहा महिन्यांपर्यंत, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत असे वेगळे सेट करून मशीनमध्येच सेव्ह करून ठेवा. फ्लेअर या वयात फारसं कामाचं नाही, व्हाइट मॅटरचा रंग त्यात आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा बदलतो आणि वाचणारा गोंधळतो, तो वेळ चांगल्या टी-टूला आणि डिफ्युजनला (पाण्याची हालचाल मोजणाऱ्या चित्राला) द्या. मायलिन बघायला गॅडोलिनियमचं (चित्रातला फरक ठळक करणाऱ्या द्रव्याचं) इंजेक्शन लागत नाही.

भुलीबद्दल. साधारण तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बऱ्याच बाळांचं काम दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानात इअरप्लग आणि वरून इअरमफ लावून झोपेत होतं. खोली आधीच उबदार आणि अंधारी ठेवा, आईला अपॉइंटमेंटच्या आधी बाळाला जागं ठेवायला सांगा, आणि सगळ्यात महत्त्वाचा सीक्वेन्स (एका प्रकारच्या चित्रांचा संच) पहिला घ्या. मोठं बाळ असेल तर ट्रायक्लोफॉससारखं सिरप किंवा भूल लागते, ती द्यायला आणि लक्ष ठेवायला तयार माणूस, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन हवाच, हे काम टेक्निशियनवर सोडायचं नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा लांब भूल देण्याबाबत इशारा दिला होता, एका छोट्या एमआरआयला तो तसा लागू होत नाही, पण खराब प्रोटोकॉलमुळे तोच एमआरआय पुन्हा करावा लागला तर ती भूल मात्र फुकट गेली ना.

प्रश्न: जन्मताना बाळ रडलं नाही. तीन दिवस थंड गादीवर ठेवलं. पाचव्या दिवशी एमआरआय केला, डॉक्टर म्हणाले इंटर्नल कॅप्सूल चांगली दिसतेय, ही चांगली खूण आहे. एवढ्याशा भागावर एवढा भर का? (एक वडील, पुणे)

दादा, ही खरंच चांगली खूण आहे. मेंदूच्या वरच्या भागाकडून हातापायांकडे जाणारे तंतू या चिंचोळ्या जागेतून एकत्र जातात, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात तिच्या मागच्या भागात जन्मतःच थोडं मायलिन असतं. त्यामुळे टी-वन चित्रात तिथे एक उजळ पट्टी दिसायलाच हवी. ऑक्सिजन कमी पडून खोलवर इजा झाली असेल तर ती पट्टी पुसट होते किंवा नाहीशी होते. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या मेरी रदरफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पूर्ण दिवसांच्या बाळात ही पट्टी बिघडलेली असेल तर पुढच्या विकासात अडचणी येण्याची शक्यता खूप असते, आणि ती नीट असेल तर ते दिलासादायक असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र ती अजून आलेलीच नसते, तिथे हा नियम लावायचा नाही.

पाचवा दिवसही योग्य निवडलाय. डिफ्युजन म्हणजे पाण्याची हालचाल मोजणारा जो सीक्वेन्स आहे त्यात इजा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात ठळक दिसते, आठवड्याच्या आसपास ती खोटी नॉर्मल दिसायला लागते. थंड ठेवलेल्या बाळांत हे जरा पुढे सरकतं. तरी न्यूरो डेव्हलपमेंटच्या तपासण्या सोडू नका. दोन वर्षांपर्यंत नियमित जा, चांगला एमआरआय आला म्हणून फेऱ्या चुकवणारी मंडळी बघितली की वाईट वाटतं.

प्रश्न: शाळेत समुपदेशनाच्या प्रशिक्षणात सांगितलं की मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो आणि हे एमआरआयने सिद्ध झालंय. खरंय का? (एक शिक्षिका, सातारा)

दिशा बरोबर आहे पण २५ हा आकडा कुठल्याही मोजमापात रेघ मारल्यासारखा येत नाही.

दोन वर्षांनंतर नेहमीचं एमआरआय चित्र मोठ्यांसारखं दिसतं, डोळ्यांना पुढचा बदल कळत नाही. एक अपवाद, व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) मागच्या टोकाजवळ टी-टूमध्ये थोडा उजळ भाग बरीच वर्षं राहतो, तो नॉर्मल असतो आणि उगाच आजार समजला जातो. पण मोजमाप केलं तर बदल चालूच असतो. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या कॅथरीन लेबेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ५ ते ३० वयाच्या २०२ जणांमध्ये पाणी एकाच दिशेने किती हलतं ते मोजलं. काही जोडण्या लहानपणीच स्थिरावतात, पण कपाळामागचा भाग आणि कानशिलाकडचा भाग यांना जोडणाऱ्या तारा विशीतही बदलत होत्या. स्टॅनफर्डच्या गटाने २०१४ मध्ये ७ ते ८५ वयाच्या लोकांचा टी-वन मोजला तर व्हाइट मॅटर तिशी-चाळिशीपर्यंत घट्ट होत जातो आणि मग हळूहळू परत फिरतो. यात २५ कुठे आलं?

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्रे मॅटर किशोरवयाच्या सुमाराला सर्वात जास्त होऊन मग कमी होतो, आणि तेव्हापासून "मेंदू नको असलेल्या जोडण्या छाटतो" हे वाक्य सगळीकडे फिरतंय. छाटणी होते हे खरं, सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलंय. पण एमआरआय जोडण्या मोजत नाही, रंगाची सीमा मोजतो. सीमेजवळच्या ग्रे मॅटरमध्ये मायलिन वाढलं की तो भाग मशीनला व्हाइट वाटायला लागतो आणि ग्रे पातळ झाल्यासारखा दिसतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका गटाने मुलांच्या पाहण्याच्या भागात असंच होत असल्याचं दाखवलं. लोहाचंही तसंच, जन्माच्या वेळी मेंदूत खोलवर असलेल्या ग्रे मॅटरच्या पुंजक्यांमध्ये लोह जवळजवळ नसतं, विशी-तिशीपर्यंत ते झपाट्याने साठतं आणि तिथला सिग्नल काळवंडतो. १९५८ मध्येच स्वीडनच्या हॅलग्रेन आणि सुरांडर यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंत हे मोजलं होतं.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वागण्याचा अर्थ त्याच्या एमआरआयवरून लावता येत नाही, हे प्रशिक्षणात कोणी विचारलं तर ठामपणे सांगा.

प्रश्न: ग्रामीण भागात बालरोगतज्ज्ञ आहे. छोट्या, बेडजवळ नेता येणाऱ्या एमआरआयबद्दल ऐकलं. बाळांसाठी उपयोगी आहे का? (गडचिरोली)

डॉक्टर, मला याबद्दल खूप आशा आहे. अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळालेलं एक मशीन ०.०६४ टेस्लाचं आहे, म्हणजे नेहमीच्या १.५ टेस्लापेक्षा तेवीस पट कमी ताकदीचं. हेलियम नको, तांबं लावलेली खोली नको, साध्या प्लगवर चालतं, बाळाजवळ आई बसू शकते आणि आवाजही कमी. असल्या मशीनवर बाळांच्या मेंदूची वाढ मोजायचं काम आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या अनेक ठिकाणी सुरू आहे.

मर्यादा अशी की सिग्नल कमी, म्हणून चित्राचे कण जाड आणि वेळ जास्त. शिवाय कमी ताकदीवर टी-वन सगळ्यांचाच कमी होतो आणि ग्रे-व्हाइटमधला टी-वनचा फरक आक्रसतो, म्हणून मुख्य भिस्त टी-टूवर ठेवावी लागते, आणि नेमका टी-टूच बाळात उशिरा बदलतो हे वर आलंय. डोक्यात पाणी साचणं, मोठा रक्तस्राव, मेंदूचं एकूण आकारमान यासाठी ठीक, पण इंटर्नल कॅप्सूलची ती बारीक पट्टी बघायची असेल तर आजच्या घडीला बाळाला मोठ्या मशीनकडे पाठवावंच लागेल. टाळू उघडी असेपर्यंत तुमच्या हातातला सोनोग्राफीचा प्रोबही खूप काम करतो, तो आधी वापरा आणि रेफर करताना चिठ्ठीवर जन्म कितव्या आठवड्यातला ते तेवढं लिहा.